दुधाच्या किटलीतून पुण्याला

शिरूरला मुद्दाम कोणी फिरायला जात नाही. पुण्याहून नगरला जाताना एस.टी. तिथे थांबते, लोक उतरून चहा पितात आणि परत चढतात. मीही शिरूर तेवढंच पाहिलं होतं. त्या फेब्रुवारीत मात्र मी उतरले आणि एस.टी. माझ्याशिवाय पुढे गेली. माझ्याजवळ कपड्यांची एक पिशवी, एक निळी बर्फाची पेटी आणि मराठीत टाइप केलेलं एक संमतिपत्र होतं.

काय काम होतं ते आधी सांगायला हवं. स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी पांढरी, चिवट दोरी असते, तिला कंडरा म्हणतात. हा शब्द मलाही ते संमतिपत्र लिहिताना शब्दकोशात सापडला. माझी शाळा आणि कॉलेज सगळं इंग्रजीत झालं. ही दोरी तुटली की सहजासहजी नीट जुळत नाही. पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही माणसाच्या कंडरेतल्या पेशी वाढवून तिच्यासारखा एखादा धागा तयार होतो का, ते बघत होतो. पेशी मऊ जेलीत मिसळायच्या आणि ती जेली दोन खुंट्यांमध्ये धरून ठेवायची. ताण नसला तर पेशी नुसत्या गोळा होऊन बसतात. दोन्ही टोकांनी धरलं की एका रेषेत येतात. निदान पुस्तकात तसं होतं. आमच्याकडे मुळात पेशीच जगत नव्हत्या. पहिल्या तुकड्याला बुरशी लागली. दुसरा ऑपरेशननंतर कोणीतरी कोरड्या कापडात गुंडाळून ठेवला आणि तो वाळून गेला. तिसराही गेला तर माणसाच्या पेशींचं काम बंद आणि मी उंदरांच्या पेशींवर, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी शांतपणे सांगितलं होतं. सर शांतपणे बोलतात तेव्हा ते ठरलेलं असतं.

शिरूर, सोमवार

ज्यांच्याकडून तिसरा तुकडा मिळणार होता त्या डॉक्टरबाईंचा दवाखाना बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आहे. बाहेरच्या बाकावर सात-आठ माणसं बसली होती आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हाताला पट्टी होती. कोणाचा हात कारखान्यातल्या प्रेसमध्ये आला होता, कोणाचा कडबाकुट्टीत. कडबाकुट्टी म्हणजे गुरांचा चारा बारीक करायचं यंत्र. पुण्यात मी ते कधी पाहिलं नव्हतं. इथे घरोघरी असतं.

डॉक्टरबाई बुटक्या, भरभर बोलणाऱ्या. मला खुर्ची देण्याऐवजी त्यांनी माझा हात धरला.

"अंगठा आणि करंगळी जुळव. आता मनगट आत वाकव. ताण." त्यांनी वाकून पाहिलं. "तुला नाहीच."

"काय नाही?"

"मनगटातली जादा दोरी. काही लोकांना जन्मतःच नसते. काही अडत नाही तिच्यावाचून. म्हणून तर आम्ही ती काढून दुसरीकडे वापरतो."

बुधवारी त्या हेच करणार होत्या. न्हावऱ्याच्या मंगल नावाच्या बाईंचं बोट कडबाकुट्टीत कापलं गेलं होतं. वरची जखम भरली, पण आतली दोरी तुटलीच राहिली. आता टोकं इतकी लांब गेली होती, की थेट जोडता येणार नव्हती. म्हणून मनगटातली दोरी काढून बोटात घालायची. त्यातून जो तुकडा उरेल तो माझा.

"एरवी टाकूनच देते मी," त्या म्हणाल्या.

मी संमतिपत्र पुढे केलं. "त्या ऑपरेशनला आल्या की सही घेऊ?"

"अजिबात नाही. दवाखान्यात लोक कशावरही अंगठा देतात. घरी जा त्यांच्या. जेव. मग विचार."

अनोळखी घरी जाऊन जेवणं आणि वर काहीतरी मागणं, यांपैकी एकही गोष्ट मी आयुष्यात केली नव्हती. रात्री खोलीवर मी संमतिपत्र आरशासमोर चार वेळा मोठ्याने वाचलं.

न्हावरे, मंगळवार

न्हावऱ्याची एस.टी. उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत गेली. दोन्ही बाजूंना कांदा काढणं चाललं होतं आणि उघड्या खिडकीतून त्याचा वास येत होता. गावात उतरून मी मंगलबाईंचं घर विचारलं तेव्हा तीन बायकांनी तीन दिशांना हात केले आणि चौथी स्वतःच माझ्याबरोबर चालू लागली.

घर पाटाच्या कडेला, पक्कं, निळ्या रंगाचं. गोठ्यात चार संकरित गाई होत्या आणि कोपऱ्यात तीन मेंढ्या. हे लोक पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत फिरायचे. पाट आला, मग जमीन भिजली, मग गाई आल्या. मेंढ्या का ठेवल्या, असं मी मंगलबाईंच्या सासऱ्यांना, आबांना विचारलं. "सवय हाय," ते म्हणाले. नवरा कंपनीत कामाला होता, रविवारी यायचा.

मंगलबाई माझ्याहून फार तर पाच वर्षांनी मोठ्या. त्या भाकरी थापत होत्या. उजव्या हाताचं पहिलं बोट वाकतच नव्हतं. चारी बोटं पिठावर पडायची आणि ते एकटं वर राहायचं.

"बगा की," मी बघते आहे हे पाहून त्या म्हणाल्या. "घरात कुनाशीबी बोलायला गेलं तर त्येला वाटतं मी त्येलाच बोट दावतीय. जाऊबाई तर आठ दिस बोलल्या न्हाईत."

"दावतच हुतीस," आतून सासूबाईंचा आवाज आला.

बाजरीची भाकरी, कांद्याच्या पातीची भाजी, शेंगदाण्याचा ठेचा आणि ताक. आमच्या घरी ठेचा चमच्याच्या टोकावर येतो. इथे तो भाजीसारखा वाढला गेला आणि मी तो भाजीसारखा खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं ते पाहून सासूबाईंनी खरवसाची वडी पुढे सरकवली.

मग मी कागद काढला. "आपल्या शरीरातील ऊतींचा उर्वरित नमुना संशोधनार्थ..."

"ताई," आबा म्हणाले, "तुमी बातम्यावानी बोलताय. घरात बोलत्यात तसं बोला."

मी थांबले. घरातही मी फारसं बोलत नाही, हे त्यांना कसं सांगणार? कागद बाजूला ठेवून मी माझंच बोट वाकवलं, सरळ केलं, मनगटाकडे हात फिरवत आत दोरी असते, ती ओढली की बोट वाकतं, असं काहीतरी सांगू लागले. आबा मध्येच हसले.

"तात म्हना की. जनावराची तात. लोकर पिंजायच्या धनुकलीला तीच लावायची. वली असताना ताणून बांधायची, सैल सोडली की वाळून पार वेडीवाकडी व्हती." ते सुनेकडे वळले. "तुझी ती हितली तात काडून बोटात घालनार. उरंल त्यो तुकडा ह्या ताई पुन्याला नेनार, आन् वाडवनार."

मी तीन महिन्यांत सरांच्या मदतीने जे लिहिलं होतं ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाले, "पर द्यायचा न्हाई."

"का, आबा?"

"मानूस गेलं की समदं एका जागी जळाया पायजे. हात हितं आन् तात पुन्यात, असं कसं?"

डॉक्टरबाई तो तुकडा टाकूनच देतात, हे सांगावंसं वाटलं, पण ते सांगणं म्हणजे त्यांना गप्प करणं झालं असतं.

मंगलबाईंनी तवा उतरवला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. "तुमी वाडवलेलं माज्या बोटात बसवनार?"

"नाही. ते कोणालाच बसवणार नाही. अजून पुष्कळ वर्षं नाही. ते वाढतं का, एवढंच बघतोय."

"मंग माजा फायदा काय?"

"काही नाही," मी म्हणाले.

मग आबांनी मांडीवर थाप मारली. "फायदा न्हाई म्हनून सांगनारं मानूस पयल्यांदा दारात आलं बग!"

"मेलं तर काय करनार त्येचं?" मंगलबाईंनी विचारलं.

"टाकून द्यावं लागेल."

"आन् जगलं तर, ते माजंच का?"

"पेशी तुमच्याच असतील."

त्यांनी थोडा वेळ आपल्या ताठ बोटाकडे पाहिलं. "मंग न्या. पर जगलं का मेलं ते मला सांगायचं. गोड करून न्हाई सांगायचं."

पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरून त्यांनी सही केली. आबा उठले. "तुजा हात हाय, तू बग," असं म्हणून गोठ्याकडे गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

दुपारी शेजारणी जमल्या. मी डॉक्टरबाईंची युक्ती दाखवली, अंगठा-करंगळी जुळवायची, आणि अख्खी ओसरी मनगटं वाकवून बसली. एकीच्या मनगटात काहीच दिसेना. "हिची समदी जिबंत गेलीया," दुसरी म्हणाली. हसता हसता माझ्या लक्षात आलं, की मी तासभर बोलते आहे.

शिरूर, बुधवार

ऑपरेशन सकाळी झालं. मी भिंतीला टेकून उभी होते. मनगटातून निघालेली ती दोरी प्रत्यक्षात पाहायला मी तयार नव्हते: पांढरी, ओली, रेशमासारखी चमकणारी, माझ्या सगळ्या आकृत्यांपेक्षा सुंदर. डॉक्टरबाईंनी हवी तेवढी कापून घेतली आणि उरलेलं टोक माझ्या नळीतल्या गुलाबी पाण्यात सोडलं.

बाहेर आबा बसले होते. "हे सरबत कसलं?"

"त्याचं खाणं आहे, आबा."

त्यांनी नळीकडे एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. सासूबाई मंगलबाईंजवळ राहणार होत्या. आबा संध्याकाळच्या दुधासाठी एस.टी.ने न्हावऱ्याला निघून गेले.

वेळ जाऊ नये म्हणून डॉक्टरबाईंनी ओळखीची जीप करून दिली होती. चालक भाऊसाहेब नावाचे पन्नाशीचे गृहस्थ, कपाळाला बुक्का, तोंडात सुपारी. आम्ही पुण्याच्या रस्त्याला लागलो आणि काही वेळातच थांबलो. पुढे कांद्याच्या भावासाठी रास्ता रोको होता. रस्त्यावर कांदे पसरले होते आणि त्यांच्या मागे माणसं निवांत बसली होती.

ऊन चढत होतं. जीपच्या नाकातून वाफ यायला लागली. मी बराच वेळ शब्द जुळवत बसले, शेवटी उतरले, चालत पुढे गेले आणि फेटा बांधलेल्या एका पुढाऱ्याला म्हणाले, "मला जाऊ द्या. जीव वाचवायचा प्रश्न आहे."

"पेशंट हाय का? मंग जाऊ द्या की," ते लगेच उठले. "कुठाय पेशंट?"

मी त्यांना जीपपर्यंत घेऊन आले. भाऊसाहेबांनी बॉनेट उघडलं होतं. माझी निळी पेटी रस्त्यावर उलटी पडली होती. नळी त्यांनी अगदी जपून, रुमालावर, समोरच्या काचेमागे उन्हात ठेवली होती.

"पेटीत पानीच हुतं की, ताई," ते म्हणाले. "बर्फाचं निव्वळ पानी. रेडिएटर जळाला असता. तुमची बाटली मी नीट ठिवलीया."

"ह्यो पेशंट?" पुढाऱ्यांनी विचारलं. मागचे लोक हसले. मी नळी उचलली. ती कोमट होती.

माझा चेहरा पाहून पुढाऱ्यांचं हसू मावळलं. कांद्यांच्या पलीकडेही ट्रकांची रांग लागली होती, जीपला पुढे वाट मिळणं कठीण होतं. "माघारी फिरा," ते म्हणाले, "न्हावऱ्याकडनं काडा." आणि त्यांनीच मागच्या गाड्या हलवून दिल्या.

"बर्फ कुठं मिळेल?" मी नळी पदराआड धरून विचारलं.

"न्हावऱ्यात कुठला बर्फ?" भाऊसाहेब म्हणाले. ते आता माझ्याकडे बघत नव्हते. थोड्या वेळाने म्हणाले, "डेरीत थंड मशीन हाय."

न्हावरे, बुधवारीच

जीप डेअरीच्या दारात वाफ सोडत थांबली आणि पुढे हलायचं नाव घेईना. आत स्टीलची मोठी टाकी होती, बाहेर तिला गार ठेवणाऱ्या पाण्याचा हौद होता, आणि टाकीवर लाल अक्षरांत चारचा आकडा. चार अंश. माझ्या तुकड्याला हवं होतं तेच, ना कमी ना जास्त. प्रयोगशाळेबाहेर तो आकडा मी प्रथमच पाहत होते.

डेअरीचे चेअरमन पांढऱ्या टोपीतले, बोलायला गोड. मी सगळं सांगितलं, या वेळी घरात बोलतात तसं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"ताई, हितं गावाचं दूध हाय. मानसाचं मांस हितं ठिवलं, आन् उद्या कुनी दूधच घातलं न्हाई, तर मी काय सांगू?"

"टाकीत नको. त्या बाहेरच्या हौदातलं थंड पाणी द्या, भांड्यात."

"भांडं डेरीचंच जानार ना. ज्या भांड्यात हे ठिवू त्ये परत दुधाला चालायचं न्हाई."

ते चुकीचं बोलत नव्हते. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. माझी पेटी आठवली, पण तिचं झाकण रास्ता रोकोतच राहिलं होतं. मी नळी मुठीत धरून नुसती उभी राहिले.

"काय झालं?" मागून आवाज आला. आबा होते. एस.टी.तून उतरून, सकाळी धुवायला टाकलेली किटली न्यायला आले होते. भाऊसाहेबांनीच त्यांना सांगितलं, रेडिएटरसकट, काही न लपवता.

आबांनी किटलीचं झाकण काढलं, हौदात ती बुडवली आणि भरून माझ्यासमोर ठेवली. "घाला ह्यात."

"आबा," चेअरमन म्हणाले, "ती परत दुधाला..."

"ठावं हाय." त्यांनी चेअरमनकडे पाहिलंही नाही. "सुनंचं हाय त्ये. आमच्या घरचंच हाय."

मी नळी पिशवीत घट्ट बांधून पाण्यात सोडली. झाकण आबांनीच लावलं.

चेअरमन थोडा वेळ टोपी सारखी करत राहिले. मग म्हणाले, "तीनला आपला टँकर दौंडला जातोय. दौंडास्नं पुन्याला रेल्वे हाय. केबिनीत बसा. मांडीवर धरा."

दौंड

चौफुल्यापर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा होता आणि मी प्रत्येक खड्ड्याला किटली वर उचलत होते. टँकरचालक सोलापूरकडचे, फक्त खड्डा आला की "हं" म्हणायचे.

दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. मोठी झाडं, जुने बसके बंगले आणि कुठेही उभं राहिलं तरी इंजिनाचा आवाज. फलाटावरच्या बाकावर एक म्हातारे, निवृत्त गार्ड बसले होते, इस्त्रीची पॅंट, हातात छत्री. त्यांनी सुंदर इंग्रजीत विचारलं, की दूध पुण्याला नेते आहेस का. तीन दिवसांत प्रथमच मला माझ्या सवयीची भाषा ऐकू आली. आणि मी उत्तर दिलं ते मराठीत. "दूध नाही. न्हावऱ्याच्या एका बाईंचं आहे, जपून न्यायचंय." त्यांना अर्थातच मराठी चांगलं येत होतं. त्यांनी छत्री उघडून किटलीवर धरली आणि गाडी येईपर्यंत तशीच धरून ठेवली.

पुणे

तुकडा बारीक करून मी बश्यांत ठेवला, आणि सरांना काचेमागच्या उन्हासकट सगळं सांगितलं. "बघू," ते म्हणाले. तेही शांतपणे.

पहिले आठ दिवस काही दिसलं नाही. रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली तुकड्याच्या कडा दगडासारख्या स्वच्छ. मंगलबाईंना काय सांगायचं याची वाक्यं मी जुळवायला लागले होते. ती गोड करायची नव्हती आणि मला दुसरं काही येत नव्हतं.

नवव्या दिवशी एका कडेतून काहीतरी बाहेर आलेलं दिसलं. निमुळतं, लांबट. शेजारी दुसरं. मग एका बाजूला अख्खी रांग, मेंढरं बांधावरून उतरावीत तशी. मी सरांना बोलावलं. त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं. "उंदीर राहू देत," एवढंच म्हणाले.

धागा व्हायला अजून कित्येक महिने होते. तो होईलच असंही नव्हतं. पण मला एक फोन करायचा होता. डेअरीचा नंबर फिरवला तेव्हा संध्याकाळचं दूध चालू होतं, मागे भांड्यांचा खणखणाट. मी नाव सांगितलं. चेअरमननी पुढचं ऐकून न घेता फोनवरूनच हाक मारली, "आबाऽ! पुन्याच्या ताई!" आणि मग सगळी रांगच गप्प झाली असावी, कारण खणखणाट थांबला.

फोनवर मंगलबाई आल्या. हात अजून पट्टीत होता म्हणून रोज आबांबरोबर नुसत्याच यायच्या.

"जगलं का मेलं?"

"जगलं."

त्यांनी ते मागे सांगितलं. कोणीतरी काहीतरी बोललं, बायका हसल्या.

"किती झालं?"

"अजून मोजलं नाही. आज मोजायचंय, वहीत लिहावं लागतं."

पलीकडे आबांचा आवाज आला, पण शब्द कळले नाहीत. "आबा म्हंत्यात," मंगलबाई म्हणाल्या, "आज नका मोजू. नवी कोकरं जल्मली की त्या दिशी मोजत न्हाईत. जरा चालू द्या त्यास्नी."

मोजणं भाग होतं, आणि मी पेशी मोजल्याही. दुसऱ्या दिवशी.